आठवड्याचा पगार, महिन्याचे खर्च, वर्षाचा हिशेब: सोलापुरात घरखर्चाचं बजेट कसं बांधायचं?

घरखर्चाच्या बजेटवरचे बहुतेक व्हिडिओ आणि पोस्ट एक गोष्ट गृहीत धरतात. महिन्याच्या एक तारखेला ठरावीक पगार खात्यात जमा होतो, मग त्याचे भाग पाडायचे. सोलापुरातल्या हजारो घरांत मात्र पैसा असा येत नाही. यंत्रमागावर चादर आणि टॉवेल विणणाऱ्या कामगाराला अनेक कारखान्यांत आठवड्याला पैसे मिळतात. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांच्या दराने ठरते. रिक्षावाला, हमाल, भाजीवाली यांची मिळकत तर रोजची.

खर्च मात्र वेगळ्याच वेळापत्रकाने येतात. भाडं महिन्याला, वीजबिल महिन्याला, शाळेचा खर्च जूनमध्ये, ज्वारीची खरेदी उन्हाळ्याच्या तोंडावर, दिवाळी वर्षातून एकदा. पैसा येण्याचा आणि जाण्याचा मेळ बसला नाही की मध्ये कर्ज येतं. म्हणून अशा घरांसाठी बजेट म्हणजे हा मेळ घालणं. तो कसा घालायचा, कोणती साधनं उपयोगी पडतात आणि कुठे सावध राहायचं, याची ही माहिती.

सोलापूर आणि घरखर्चाचा हिशेब: जवळपास शंभर वर्षांचं नातं

कामगाराच्या घरात पैसा कशावर खर्च होतो, याची सरकारी मोजणी सोलापुरात फार पूर्वी सुरू झाली. १९२० च्या दशकात इथल्या कापड गिरण्यांमध्ये हजारो कामगार होते. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने तेव्हा सोलापूरच्या गिरणी कामगारांच्या कुटुंबांचा जमाखर्च तपासला. त्यानंतर शहरासाठी राहणीमान खर्चाचा स्वतंत्र निर्देशांक काढला जाऊ लागला. त्यासाठी फेब्रुवारी १९२७ ते जानेवारी १९२८ हा काळ पाया धरला होता.

गिरण्या पुढे बंद पडल्या, पण मोजणी थांबली नाही. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढताना केंद्र सरकारचं लेबर ब्युरो आजही देशभरातल्या ८८ केंद्रांवरून भाव गोळा करतं. त्यात सोलापूरचा समावेश आहे. याच निर्देशांकाच्या आधारे अनेक ठिकाणी महागाई भत्ता ठरतो.

२००१ च्या मालिकेत कामगार कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा ४६.२ टक्के धरला होता. २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ टक्क्यांवर आला. म्हणजे भाडं, दवाखाना, शिक्षण, प्रवास, मोबाईल अशा खर्चांनी जास्त जागा घेतली. किराण्यात काटकसर केली की घर सावरतं, हा जुना सल्ला आता अपुरा पडतो, तो यामुळेच.

पायरी पहिली: मिळकत खरी किती?

बजेटची सुरुवात खर्चापासून करण्याचा मोह होतो, पण आधी मिळकत लिहावी. तुकड्यावर मजुरी मिळणाऱ्या घरात इथेच चूक होते. चांगल्या आठवड्याची रक्कम डोक्यात राहते आणि खर्च त्या रकमेवर बेतले जातात.

विडीचं उदाहरण घेऊ. कारखान्याकडून तेंदूपान आणि तंबाखू मिळतो, बाई घरी विड्या वळते आणि तयार माल जमा करते. माल तपासताना काही विड्या नाकारल्या जातात. दिलेलं पान कमी किंवा खराब निघालं तर जास्तीचं पान विकत घ्यावं लागतं. पीएफची कपात होते. विडी उद्योगात या कपातीचा दर १० टक्के आहे. त्यामुळे दर गुणिले हजार हा आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत फरक पडतो. बजेटमध्ये हातात पडणारीच रक्कम धरायची. पीएफची कपात ही बचत आहे, पण म्हातारपणची. या महिन्याच्या भाड्याला ती येत नाही.

यंत्रमागावरही तसंच. सूत आलं नाही, ऑर्डर थांबली, वीज गेली किंवा कामगार आजारी पडला तर आठवडा कमी भरतो.

यासाठी सोपी रीत अशी: मागच्या १२ आठवड्यांत हातात आलेली रक्कम लिहून काढायची. सगळ्यांत मोठे आकडे बाजूला ठेवायचे आणि नेहमीच्या कमी आठवड्यावर बजेट बांधायचं. एखाद्या आठवड्यात त्यापेक्षा जास्त आलं तर ते शिल्लक धरायचं, खर्चायला मिळालेली सूट नव्हे.

पायरी दुसरी: ५२ आठवडे आणि ४८ आठवडे

आठवड्याला पैसे मिळणाऱ्या घरांना एक फायदा आहे, जो महिन्याच्या पगारदाराला नाही. वर्षात आठवडे ५२. महिना चार आठवड्यांचा धरला तर १२ महिन्यांचे होतात ४८. चार आठवडे उरतात. म्हणजे वर्षातले साधारण चार महिने असे असतात की त्यांत पाच पगार पडतात.

बहुतेक घरांत हा पाचवा पगार इतर पैशांत मिसळून जातो. महिन्याचे सगळे खर्च चार पगारांत बसवले आणि पाचवा पगार बाजूला काढला, तर वर्षाअखेर एका महिन्याएवढी रक्कम जमते. वर्षातून एकदाच येणाऱ्या मोठ्या खर्चांचा मोठा भाग त्यातून भागतो.

कॅलेंडर हातात घेऊन पगाराचा वार कोणत्या महिन्यात पाच वेळा येतो, त्यावर आधीच खूण करून ठेवावी. पाचवा पगार आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावा.

पायरी तिसरी: वर्षाच्या खर्चांची यादी

"अचानक खर्च आला" असं म्हटलं जातं, त्यातले बरेच खर्च अचानक नसतात. जून दरवर्षी येतो. दिवाळीही येते. सोलापूरकरांसाठी जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा ठरलेली. लग्नसराईतले आहेरही ठरलेले.

हिशेब समजण्यासाठी एक काल्पनिक घर घेऊ. नवरा यंत्रमागावर, बायको विडी वळते, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. दोघांची मिळून हातात येणारी आठवड्याची रक्कम ४,५०० रुपये धरू. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. या घराच्या वार्षिक खर्चांची यादी अशी:

- जूनमधली शाळा (गणवेश, वह्या, दप्तर, फी): ९,००० रुपये
- वर्षाची ज्वारी, डाळ, लाल तिखट, मसाला: १२,००० रुपये
- दिवाळी: ८,००० रुपये
- संक्रांत आणि गड्डा यात्रा: २,५०० रुपये
- लग्नकार्य, आहेर: ४,००० रुपये
- विम्याचे हप्ते, घरातली किरकोळ दुरुस्ती: ४,००० रुपये

एकूण ३९,५०० रुपये. जादा चार आठवड्यांचे १८,००० रुपये यातून वजा केले की २१,५०० उरतात. ते उरलेल्या ४८ आठवड्यांत विभागले तर आठवड्याला साधारण ४५० रुपये होतात. हे ४५० दर आठवड्याला बाजूला पडले तर जूनमध्ये किंवा दिवाळीत कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

यादीतली ज्वारी महत्त्वाची आहे. सोलापूर जिल्हा रब्बी ज्वारीचा, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. नवी ज्वारी बाजारात येते तेव्हा वर्षाचं धान्य भरून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवण्याची रीत इथे जुनी आहे. त्या वेळी हातात रोख असेल तर पोतं घेता येतं. नसेल तर वर्षभर दुकानातून किलो-दोन किलो घ्यावी लागते आणि तीच ज्वारी महाग पडते. वार्षिक डबा भरण्याचा फायदा असा थेट भावात दिसतो. रेशनवर धान्य मिळत असेल तर तेवढी खरेदी यादीतून कमी करावी. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबांना ३५ किलो धान्य मोफत मिळतं.

पायरी चौथी: महिन्याचं कोष्टक

आता चार आठवड्यांचे १८,००० रुपये कसे वाटले जातात ते पाहू.

- घरभाडं: ३,०००
- किराणा, तेल, दूध, भाजी: ६,०००
- गॅस, वीज, मोबाईल: १,८००
- शाळा, क्लास, प्रवास: १,४००
- औषधपाणी: ८००
- कर्जाचा किंवा गटाचा हप्ता: २,०००
- वार्षिक खर्चाचा डबा (४५० गुणिले ४): १,८००
- अडीनडीची बचत: ७००
- किरकोळ: ५००

बेरीज बरोबर १८,०००. प्रत्येक रुपयाला काम नेमून दिलं आहे, म्हणून या रीतीला शून्य शिल्लक बजेट म्हणतात. शून्य शिल्लक म्हणजे सगळा पैसा उडवणं नव्हे. बचतीलाही इथे खर्चासारखीच ओळ आहे आणि ती आधी भरायची आहे.

घर बदललं की पूर्ण कोष्टक नव्याने मांडावं लागतं. सोलापूरजवळ कुंभारी इथे विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरं झाली. त्याच परिसरातल्या रे नगर प्रकल्पात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं ठरली आणि त्यांतल्या १५,००० घरांचं हस्तांतरण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. हक्काचं घर मिळाल्यावर भाड्याची ओळ जाते. पण घराच्या कर्जाचा हप्ता, शहरात कामावर येण्याजाण्याचं भाडं, नवं वीजबिल अशा नव्या ओळी येतात. भाडं वाचलं म्हणून तेवढ्या रकमेचा दुसरा हप्ता लगेच ओढवून घेण्याआधी दोन-तीन महिने प्रत्यक्ष खर्च लिहून पाहावा.

कोणती पद्धत कोणाला जमते?

डबे किंवा पाकिटं. पगार आला की भाडं, किराणा, शाळा, वीज अशा नावांच्या पाकिटांत नोटा विभागून ठेवायच्या. एक पाकीट संपलं की त्या कामाचा खर्च थांबला. ज्वारीच्या डब्यात, देवघरात, साडीच्या घडीत पैसे ठेवणाऱ्या आज्यांची हीच पद्धत होती. रोख पैसा येणाऱ्या घरांना ती आजही सोयीची आहे. अडचण एवढीच की घरात मोठी रक्कम साठवणं धोक्याचं. म्हणून चालू आठवड्याची पाकिटं घरात आणि वार्षिक डबा बँकेत, अशी विभागणी करावी.

वही. तारीख, जमा, खर्च, शिल्लक असे चार रकाने पुरतात. रोज रात्री दोन मिनिटं लिहिलं तर महिनाअखेर चित्र दिसतं. जपानमध्ये 'काकेइबो' नावाची घरखर्चाची वही प्रसिद्ध आहे. हानी मोतोको या पत्रकार महिलेने १९०४ मध्ये ती रूढ केली. खर्च हाताने लिहिला की तो लक्षात राहतो आणि पुढच्या वेळी हात आखडतो, एवढंच तिचं मर्म.

५०-३०-२०. सोशल मीडियावर सर्वांत जास्त फिरणारा नियम हाच. मिळकतीतले ५० टक्के गरजांवर, ३० टक्के आवडीनिवडींवर आणि २० टक्के बचतीवर. एलिझाबेथ वॉरेन आणि अमेलिया वॉरेन त्यागी या अमेरिकेतल्या मायलेकींच्या २००५ च्या पुस्तकामुळे तो लोकप्रिय झाला. वरच्या घराला तो लावून पाहा. भाडं, किराणा, बिलं, शाळा, औषधं आणि हप्ता मिळून १५,००० होतात, म्हणजे ८३ टक्के. नियम मोडला, पण घराचं काही चुकलेलं नाही. कमी मिळकतीत गरजांचा वाटा मोठा असतोच. अशा घरांनी टक्केवारीच्या मागे न लागता वार्षिक डबा आणि अडीनडीची बचत या दोन ओळी चुकत नाहीत ना, एवढं पाहावं.

मोबाईल. यूपीआयमुळे १० रुपयांचा चहासुद्धा नोंदला जातो, हा फायदा. नोट हातातून जाताना जसं जाणवतं तसं इथे जाणवत नाही, हा तोटा. उपाय म्हणजे दोन खाती. पगार एका खात्यात ठेवायचा, भाडं आणि बिलं तिथूनच द्यायची आणि त्या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. दुसऱ्या खात्यात आठवड्याच्या खर्चापुरते पैसे टाकायचे. जनधन खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या खात्यासाठी ते चालतं. खर्च मोजणारं अ‍ॅप घेताना ते सगळे एसएमएस वाचण्याची परवानगी मागत असेल तर दोनदा विचार करावा. अनोळखी कर्जाच्या अ‍ॅपना तर ती परवानगी देऊच नये.

भिशी, बचत गट, पोस्ट, पतसंस्था: पैसा कुठे ठेवायचा?

भिशी. १२ जणींनी महिन्याला १,००० रुपये काढायचे आणि दर महिन्याला एकीने १२,००० उचलायचे. व्याज नाही, कागद नाही, फक्त विश्वास. भिशीचं बळ हे की मैत्रिणींच्या लाजेने हप्ता चुकत नाही. जून किंवा दिवाळीचा नंबर मागून घेतला तर वार्षिक खर्चाचं ते उत्तम साधन ठरतं. धोका हा की चालवणारी व्यक्ती गायब झाली तर पैसे परत मिळवणं कठीण. म्हणून भिशी ओळखीतली, लहान आणि वर्षभरात संपणारी असावी. जास्त परतावा देतो म्हणणारी मोठी भिशी दिसली तर लांब राहावं.

बचत गट. १० ते २० महिला, नियमित बैठक, नियमित बचत, गटातच कर्जवाटप, वेळेवर परतफेड आणि नोंदी, ही गटाची पंचसूत्री. १९७५ मध्ये स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे माविम, ग्रामीण भागातलं उमेद अभियान आणि शहरांमधल्या महापालिकेच्या योजना यांतून असे गट उभे राहिले. गटाच्या कर्जावर महिन्याला २ टक्के व्याज असेल तर ते वर्षाला २४ टक्के होतं, ते स्वस्त नाही. पण ते व्याज गटाच्याच निधीत राहतं. आपल्या गटाची वही दर बैठकीत वाचून दाखवली जाते का, हे प्रत्येकीने पाहावं.

पोस्ट. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं महिन्याला १०० रुपयांपासून उघडता येतं आणि त्याची मुदत ५ वर्षं असते. व्याजदर सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. मुलगी १० वर्षांपेक्षा लहान असेल तर सुकन्या समृद्धी खातं वर्षाला किमान २५० रुपयांवर चालू राहतं.

बँक आणि पतसंस्था. बोलताना दोन्हींना बँक म्हटलं जातं, पण फरक मोठा आहे. सहकारी बँकेसह कोणत्याही विमाधारक बँकेत एका ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेच्या ठेवींना हे संरक्षण नाही. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी आयुष्यभराची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

कर्जाचा हप्ता किती असावा?

सोलापुरातल्या कामगार वस्त्यांमध्ये बजेट मोडतं ते बहुतेक वेळा इथेच. एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरं, आणि दर आठवड्याला दारात वसुली.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज हे सूक्ष्म कर्ज मानलं जातं. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. धमकी आणि अर्वाच्य भाषाही चालत नाही.

आता ही ५० टक्क्यांची मर्यादा आपल्या काल्पनिक घराला लावू. वर्षाचं उत्पन्न ४,५०० गुणिले ५२ म्हणजे २,३४,०००, महिन्याला सरासरी १९,५००. म्हणजे नियमाने या घराला ९,७५० रुपयांपर्यंत हप्ते देता येतात. पण कोष्टकात हप्त्यासाठी जागा आहे फक्त २,००० ची. उरलेले ७,७५० कुठून येणार? किराण्यातून, शाळेतून, औषधांतून. कर्ज मंजूर झालं म्हणजे ते परवडतं, असं मुळीच नाही. देणारा नियमातली मर्यादा बघतो. घेणाऱ्याने आपलं कोष्टक बघायचं.

व्याज कसं सांगितलं जातं, तेही समजून घ्यावं.

- फ्लॅट व्याज: १२,००० रुपये, १२ टक्के फ्लॅट, १२ महिने. व्याज १,४४० आणि हप्ता १,१२०. ऐकायला १२ टक्के, पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असतानाही व्याज पूर्ण रकमेवर घेतलं जातं. त्यामुळे खरा दर वर्षाला २१ टक्क्यांच्या पुढे जातो. "घटत्या शिलकीवर दर किती?" हा प्रश्न विचारायलाच हवा.
- शेकडा व्याज: "शेकडा तीन" म्हणजे महिन्याला ३ टक्के, वर्षाला ३६. २०,००० रुपयांवर महिन्याला ६०० जातात. वर्षभरात ७,२०० देऊनही मुद्दल २०,००० तसंच राहतं.

खासगी सावकारीसाठी राज्यात २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. या कायद्याखाली बिगरशेती कर्जासाठी तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण १८ टक्के अशी व्याजाची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे शेकडा तीन हा दर त्या मर्यादेच्या दुप्पट झाला. तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करता येते.

कर्जं अनेक असतील तर एका कागदावर सगळी लिहावीत: कोणाकडून, किती बाकी, दर किती, हप्ता कधी. सर्वांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून हातात येणारी जादा रक्कम सर्वांत जास्त दराच्या कर्जावर टाकावी. ते संपलं की त्याचा हप्ता पुढच्या कर्जाकडे वळवावा.

योजनांचे पैसे बजेटमध्ये कुठे धरायचे?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत जुलै २०२४ पासून पात्र महिलांच्या खात्यात महिन्याला १,५०० रुपये जमा होऊ लागले. हे पैसे नियमित खर्चाच्या भरवशावर धरू नयेत, कारण हप्त्याची तारीख पुढेमागे होते आणि पात्रतेचे निकष तपासले जातात. वरच्या घरात अडीनडीच्या बचतीला महिन्याला ७०० रुपये आहेत. एक पूर्ण आठवडा काम बुडालं तर लागणारे ४,५०० जमायला साडेसहा महिने लागतील. त्यात लाडकी बहीणचे १,५०० टाकले तर दोन महिन्यांत ४,४०० जमतात. पहिलं लक्ष्य हेच असावं, एक बुडालेला आठवडा कर्ज न काढता निभावणं. दुसरं लक्ष्य पूर्ण महिना.

विम्याचे दोन हप्ते विसरता कामा नयेत. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचा २० रुपये. दोन्हींत संरक्षण २ लाखांपर्यंतचं. पहिला कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास, दुसरा अपघातासाठी. विम्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि पैसे त्याआधी खात्यातून आपोआप कापले जातात. मेअखेर खात्यात माणशी ४५६ रुपये नसतील तर विमा बंद पडतो. नेमका तोच काळ शाळेच्या खरेदीचा असतो, म्हणून ही रक्कम एप्रिलमध्येच खात्यात टाकून ठेवावी.

तूट आली तर आधी काय कमी करायचं?

कमी आठवडा आला की घरात पहिली कात्री बहुतेक वेळा दूध, डाळ आणि बाईच्या औषधावर चालते. ही काटकसर महाग पडते. विडी वळणाऱ्या बाईची पाठ, डोळे आणि श्वास यांवरच घराची निम्मी मिळकत उभी असेल तर तिचं दुखणं अंगावर काढणं म्हणजे पुढच्या आठवड्यांची मजुरी बुडवणं.

क्रम उलटा ठेवावा. आधी किरकोळ आणि बाहेरचं खाणं. मग मोबाईलचे जादा रिचार्ज. मग वीज: घरगुती वीजदराचे टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात. टप्पा ओलांडला की पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं, म्हणून मीटर महिन्यातून दोनदा पाहावा. मग सणाचा खर्च. शाळा, दवाखाना आणि जेवण शेवटी.

पाण्याचा खर्च वेगळा लिहावा. सोलापुरात अनेक वर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येत आलं आहे. जार, टँकर, साठवणीची भांडी यांवर जाणारे पैसे किराण्यात मिसळले की नेमकी गळती कुठे आहे ते दिसत नाही.

हिशेब कोणाच्या हातात?

अनेक घरांत पैसे एकजण आणतो आणि दुसरी पुरवते. तूट कुठे पडली ते फक्त पुरवणारीला माहीत असतं आणि कर्जही गुपचूप तिच्याच नावावर चढतं. म्हणून आठवड्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, दोघांनी मिळून दहा मिनिटं वही उघडावी. कोणाचं चुकलं हे न शोधता तीनच प्रश्न विचारावेत: किती आले, किती कुठे गेले, पुढच्या आठवड्यात कोणता ठरलेला खर्च आहे? मोठ्या मुलांनाही बसवावं. नवे बूट या महिन्यात का नाहीत, हे वहीत दिसलं की रुसवा कमी होतो.

पहिल्या महिन्यात एवढंच करा

- पहिला आठवडा: मागच्या १२ आठवड्यांची मिळकत आणि सगळी कर्जं लिहून काढा.
- दुसरा आठवडा: वर्षाच्या खर्चांची यादी करा आणि पाच पगारांच्या महिन्यांवर खूण करा.
- तिसरा आठवडा: वार्षिक डब्यासाठी वेगळं खातं किंवा आवर्ती ठेव उघडा आणि पहिली रक्कम टाका, ती १०० रुपये असली तरी चालेल.
- चौथा आठवडा: महिन्याचं कोष्टक मांडा आणि प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहा.

पहिल्या महिन्यात कोष्टक चुकणारच. भाजीची ओळ वाढेल, कोणाचा तरी आहेर निघेल. आकडे दुरुस्त करून पुढच्या महिन्यात तीच वही पुढे न्यायची. साधारण तिसऱ्या महिन्यापासून अंदाज बसू लागतो, आणि पुढचा जून येईपर्यंत शाळेचे पैसे डब्यात तयार असतात.